उसाच्या रानापासून फातोर्ड्यापर्यंत

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढे घेतला, तर त्याच्या वायव्य कोपऱ्यात, एका बाजूस प्रशांत महासागर व दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र अशा दोन जलाशयांच्या मध्ये, कोलंबिया हा देश आढळतो. अँडीज पर्वताची विशाल रांग या देशात शिरताच तिच्या तीन शाखा होतात. त्यांपैकी पश्चिमेकडील व मधल्या शाखांच्या दरम्यान काउका नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाते. तिच्या तीरांवरील सपाट व सुपीक खोरे त्या नदीच्याच नावाने ओळखले जाते. विषुववृत्त येथून फारसे दूर नाही. तथापि समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंची लाभल्यामुळे येथील उकाडा सोसण्याजोगा असतो आणि सायंकाळी डोंगरावरून वारा उतरला, म्हणजे माणसे घराबाहेर खुर्च्या टाकून बसतात.

या खोऱ्याचे मुख्य नगर काली. नाव ऐकून आपल्याकडील कोणालाही देवीची आठवण व्हावी; पण तिचा या नावाशी काही संबंध नाही. स्पॅनिश सरदार सेबास्तियान दे बेलालकासार याने १५३६ साली हे नगर वसविले. नगराच्या कडेला असलेल्या एका टेकडीवर ख्रिस्तराजाचा २६ मीटर उंचीचा पुतळा १९५३ सालापासून हात पसरून उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले असता खाली प्रथम घरांची दाटी, मग नदीची रेघ आणि त्यापलीकडे दृष्टी पोहोचेल तेथवर हिरवेगार सपाट रान पसरलेले असते. ते रान उसाचे आहे.

नदीवरचा पूल ओलांडून पूर्वेच्या बाजूस गेले की कांदेलारिया हा तालुकावजा प्रदेश लागतो. 'कांदेला' म्हणजे मेणबत्ती. २ फेब्रुवारीच्या सणाला ज्या पवित्र मातेपुढे मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात, तिचे हे नाव होय. या भागात गळिताचा ठराविक हंगाम असा नाही. वर्षाचे बाराही महिने ऊस तुटतो आणि कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. एका ट्रॅक्टरमागे चार-पाच अजस्र गाड्या जोडून उसाच्या 'आगगाड्या' रस्त्याने जातात. तोडणीपूर्वी उभा फड पेटवून देण्याची रीतही येथे फार वर्षांची; मग त्याची काळी राख वाऱ्यावर उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. चिकोडी-अथणीकडील वाचकांना हे चित्र अगदीच परके वाटू नये. फार काय, तेथील लोक ज्याला 'पानेला' म्हणतात तो आपला गूळच. आणि तो गरम पाण्यात विरघळवून केलेले पेय गरीब-श्रीमंत साऱ्यांच्या घरी सकाळी उकळत असते. ऊस मात्र तेथे गोड इतिहास घेऊन आला नाही. स्पॅनिश अमदानीत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी ही शेते कसली, आणि त्यांचे वंशज या खोऱ्यात आजही मोठ्या संख्येने राहतात.

याच कांदेलारियात वियागोर्गोना नावाचे एक गाव आहे. नकाशात शोधावे लागेल इतके ते लहान. तेथे २२ फेब्रुवारी २००५ रोजी लिंडा काइसेदो हिचा जन्म झाला. आज फुटबॉलच्या जगात हे नाव ठाऊक नाही असा देश विरळा. पण ज्या गल्लीत ती प्रथम चेंडूमागे धावली, तेथे मुलींचा असा संघ नव्हता. ती मुलांबरोबर खेळली. मुलांच्या धक्क्याबुक्क्यांतून वाट काढताना अंग चोरणे, चेंडू पायाशी चिकटवून ठेवणे, डावीकडे जाण्याचा बहाणा करून उजवीकडे निसटणे या कला तिला कोणी फळ्यावर लिहून शिकविल्या नाहीत. गरजेनेच त्या तिच्या पायांत आल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोलंबियात फुटबॉल हा जवळजवळ दुसरा धर्मच. परंतु स्त्रियांची व्यावसायिक लीग त्या देशात सुरू झाली ती २०१७ साली. त्यापूर्वी एखाद्या मुलीने 'मी मोठी होऊन फुटबॉल खेळणार' असे म्हटले, तर घरच्यांनी तिला 'आणि पोटाचे काय?' असे विचारणे साहजिक होते. लीग सुरू झाल्यावरही तो प्रश्न पुरता सुटला नाही. स्पर्धा वर्षातून काही महिनेच चाले. उरलेल्या महिन्यांत खेळाडूंनी काय करावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. अशा काळात, २०१९ साली, कालीच्या अमेरिका संघाने या मुलीला मैदानात उतरविले. तेव्हा तिचे वय अवघे १४ वर्षांचे होते. त्याच वर्षी तो संघ देशाचा विजेता ठरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला राष्ट्रीय संघाचा पोशाखही मिळाला. शाळेच्या दप्तरात फुटबॉलचे बूट घेऊन जाणारी मुलगी एकाएकी साऱ्या देशाच्या कौतुकाचा विषय झाली.

आणि २०२० च्या प्रारंभी तिला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. वय वर्षे १५.

त्या दिवसांविषयी तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. शस्त्रक्रिया झाली, नंतर काही महिने औषधोपचार चालले. आपण पुन्हा कधी व्यावसायिक फुटबॉल खेळू शकू, असे त्या दिवसांत तिला वाटेनासे झाले होते. बाहेर महामारीमुळे सारे जग दारे लावून बसले होते, मैदाने ओस पडली होती. ज्या वयात मुलींना आरशाची नुकती ओळख होत असते, त्या वयात आजाराने बदललेला आपला चेहरा तिला त्या आरशात पाहावा लागला. घरच्यांनी तिला धीर दिला. लवकर निदान झाल्याने वैद्यांच्या हाती यश आले. हा प्रसंग चमत्काराच्या भाषेत सांगण्याचा मोह होतो, पण तसे सांगणे डॉक्टरांवर, परिचारिकांवर आणि खुद्द त्या मुलीवर अन्याय करणारे ठरेल. रोग कळला, वेळेवर कळला, उपचार मिळाले आणि तिने ते सोसले. देवाची कृपा बहुधा अशाच साध्या पायऱ्यांनी उतरते.

बरी झाल्यावर ती त्याच नगरातील दुसऱ्या संघात, देपोर्तिवो कालीत, गेली. या संघाचे स्वतःचे क्रीडांगण शेजारच्या पाल्मिरा भागात, उसाच्या शेतांच्या मधोमध उभे आहे. २०२१ साली हा संघ देशाचा विजेता झाला. म्हणजे जेथे तिचे बालपण गेले, त्याच हिरव्या रानात तिने आपले दुसरे आयुष्य सुरू केले.

मग आले २०२२ साल. या एका वर्षात या मुलीने जे केले, ते एका खेळाडूच्या साऱ्या आयुष्यालाही पुरेसे व्हावे. जुलैत दक्षिण अमेरिकेतील प्रौढ स्त्रियांची 'कोपा अमेरिका' स्पर्धा कोलंबियातच भरली. यजमान संघ अंतिम सामन्यात पोहोचला. बुकारामांगा येथे ब्राझीलने त्याला एका गोलाने हरविले, पण स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान १७ वर्षांच्या लिंडाला मिळाला. ऑगस्टमध्ये कोस्टारिकात २० वर्षांखालील मुलींची विश्वस्पर्धा झाली. तेथेही ती खेळली. आणि ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वस्पर्धेसाठी तिचा संघ आपल्या देशात आला.

ही स्पर्धा खरे तर २०२० सालीच भारतात व्हावयाची होती. महामारीने ती बुडाली आणि २०२२ चे यजमानपद आपल्याकडे आले. १ जानेवारी २००५ नंतर जन्मलेल्या मुलींनाच तीत प्रवेश होता. लिंडाचा जन्म त्या तारखेनंतर जेमतेम सात आठवड्यांनी झालेला. काळाचे असे हिशेब माणसाला करता येत नाहीत.

उपान्त्य सामने २६ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा भागातील जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर होते. त्या दिवशी भाऊबीज होती. पुतणीच्या हट्टामुळे आम्ही बेळगावहून पहाटेच निघालो. खानापूर, रामनगर मागे टाकून अनमोडचा घाट उतरू लागलो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर धुके होते. मोले ओलांडून गोव्याच्या सखल भागात आलो की हवा एकदम दमट होते. भाताची खाचरे, माडांच्या रांगा, आणि वळणावळणावर पांढरे चर्च. प्रत्येक गावात चर्चपासून जवळच एक मैदान व त्यावर दोन लाकडी खांब दिसावयाचेच. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी, १८८३ साली, शिवोली गावात, असे सांगतात. तेव्हापासून हा खेळ येथल्या मातीत भातासारखा रुजला आहे.

कोलंबियासमोर नायजेरियाचा संघ होता. नायजेरियाच्या मुली अंगाने भक्कम व पायांनी चपळ. पिवळ्या पोशाखातील लिंडाच्या पायाशी चेंडू आला, की दोघी-तिघी तिला घेरून टाकीत. ती मैदानाच्या डाव्या कडेला उभी राही, क्षणभर काहीच करीत नसल्यासारखी. मग खांदा एकीकडे झुकवून दुसरीकडून आत शिरे. प्रेक्षकांतून 'आता!' असा उद्गार निघे. परंतु त्या दिवशी तिला गोल काही करता आला नाही. नव्वद मिनिटे संपली, फलक कोराच राहिला. या वयोगटात जादा वेळ देत नाहीत, सरळ पेनल्टी. एकेक मुलगी चेंडू घेऊन एकटी पुढे येई, आणि साऱ्या क्रीडांगणाचा श्वास अडकून राही. कोलंबियाची गोलरक्षक लुईसा आगुदेलो हिने शर्थ केली आणि ६-५ अशा फरकाने कोलंबिया जिंकला. कोलंबियाचा कोणताही संघ, पुरुषांचा वा स्त्रियांचा, फुटबॉलच्या विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोवर कधी पोहोचला नव्हता. तो मान या मुलींनी प्रथम मिळविला, आणि तो आपल्या मडगावात.

परतताना पुतणीने विचारले, "काका, या मुली शाळेत कधी जातात? आणि पुढे हेच करून त्यांचे भागते का?" प्रश्न लहान मुलीचा असला तरी त्याचा रोख मोठ्यांकडे होता.

अंतिम सामना ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत झाला. स्पेनविरुद्ध सामना बरोबरीत चालला असता ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका खेळाडूकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला, आणि विजयचषक स्पेनने नेला. लिंडाने त्या स्पर्धेत चार गोल केले होते.

पुतणीच्या प्रश्नाचे एक उत्तर माद्रिद नगरात सापडते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी खेळाडूला सहसा परदेशी संघात जाता येत नाही. कोवळ्या मुलांचा व्यापार होऊ नये म्हणून केलेला हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. लिंडाला १८ वे वर्ष पूर्ण होताच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, रेआल माद्रिदने तिला करारबद्ध केल्याचे जाहीर झाले. विमानतळापासून जवळच, वाल्देबेबास नावाच्या भागात या संघाची सरावाची मैदाने आहेत आणि सहा हजार आसनांचे एक लहान क्रीडांगण आहे. स्त्रियांचे सामने तेथे होतात. हिरव्या खोऱ्यातून आलेल्या मुलीला कास्तीयचे ते कोरडे, उघडे पठार आणि तेथील हिवाळा प्रथम खचितच परका वाटला असेल. भाषा तेवढी एकच. पण तिचाही उच्चार निराळा.

पैशाच्या बाबतीत मात्र स्पेन म्हणजे नंदनवन होते असे कोणी समजू नये. तेथील स्त्रियांची लीग पूर्णपणे व्यावसायिक म्हणून प्रथम खेळली गेली ती २०२२-२३ च्या हंगामात, म्हणजे लिंडा आली त्याच हंगामात. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील स्त्री-खेळाडूंनी किमान वेतनासाठी संप पुकारला आणि पहिल्या फेरीचे सामने झाले नाहीत. किमान वेतन वर्षाला १६,००० युरो होते. ते वाटाघाटींनंतर २१,००० युरो झाले. ज्या स्पेनच्या स्त्रियांनी नुकतेच, २० ऑगस्ट रोजी, विश्वविजेतेपद मिळविले होते, त्यांच्या देशातली ही कथा. इकडे कोलंबियातही २०२२ च्या कोपा अमेरिकेत राष्ट्रगीताच्या वेळी मुलींनी मूठ वर करून लीगच्या अपुऱ्या काळाविषयी आपला निषेध नोंदविला होता. चांगला खेळ केला म्हणजे न्याय आपोआप चालत येतो असे नाही. तो मागावा लागतो.

त्याच २०२३ च्या विश्वस्पर्धेत सिडनी येथे लिंडाने जगाला आपला खरा परिचय करून दिला. दक्षिण कोरियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तिने एक गोल केला. त्यानंतर सरावाच्या वेळी ती छातीवर हात धरून जमिनीवर कोसळली. पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. थकवा व ताण यांचा तो परिणाम असून ती ठीक आहे, असे संघाने सांगितले. अठरा वर्षांच्या खांद्यांवर एका देशाच्या अपेक्षा ठेवल्या, म्हणजे त्यांचे वजन कोठेतरी दिसावयाचेच. पण ३० जुलै रोजी जर्मनीविरुद्ध ती पुन्हा मैदानात होती. ५२ व्या मिनिटाला डाव्या बाजूस चेंडू तिच्याकडे आला. समोर दोन जर्मन बचावपटू. तिने चेंडू त्या दोघींच्या मधून स्वतःकडे ओढून घेतला, आणि उजव्या पायाने असा वळवून मारला की तो दूरच्या खांबाजवळ वरच्या कोपऱ्यात जाऊन विसावला. जर्मनीने अखेरीस बरोबरी साधली खरी. परंतु ९७ व्या मिनिटाला मानुएला वानेगास हिने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि कोलंबिया जिंकला. साखळी सामन्यात जर्मनीच्या स्त्रियांचा १९९५ नंतरचा तो पहिलाच पराभव. लिंडाचा गोल स्पर्धेतील सर्वोत्तम गोल म्हणून निवडला गेला. उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडने कोलंबियाला रोखले, पण तोवर त्या उसाच्या खोऱ्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते.

पुढची वाटचालही एकसारखी विजयाची नाही, आणि म्हणूनच ती मनाला अधिक भिडते. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तिचा संघ स्पेनकडून पेनल्टींवर हरला. मार्च २०२५ मध्ये माद्रिदच्या लहान क्रीडांगणावर तिने इंग्लंडच्या आर्सेनल संघाविरुद्ध गोल करून आपल्या संघाला आघाडी मिळवून दिली. परतीच्या सामन्यात आर्सेनलने तीन गोल करून ती पुसून टाकली. २ ऑगस्ट २०२५ रोजी कीतो येथे कोपा अमेरिकेचा अंतिम सामना पुन्हा ब्राझीलशीच झाला. त्यात लिंडाने पहिला गोल केला, आणि ३९ वर्षांच्या मार्ता या ब्राझीलच्या थोर खेळाडूने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली. सामना ४-४ असा संपून पेनल्टींवर ब्राझीलने जिंकला. तीन वर्षांत तिसरा अंतिम सामना, आणि तिन्हींत उपविजेतेपद! तरीही पुढच्या सरावाला ती वेळेवर हजर राहणारच, हा तिच्या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. भारतातील स्त्रियांच्या लीगची पहिली स्पर्धा २०१६-१७ च्या मोसमात झाली. म्हणजे या बाबतीत आपण व कोलंबिया जवळजवळ एकाच घटकेला जागे झालो. आपल्यापाशी पूर्वपुण्याई नव्हती असेही नाही. १९८० साली कालिकत येथे भरलेल्या आशियाई स्त्रियांच्या स्पर्धेत भारताने दुसरे स्थान मिळविले होते, आणि त्या काळात गोव्याच्या योलांडा डिसोझा भारतासाठी खेळत होत्या. पुढे दीर्घकाळ हे सारे विस्मृतीत गेले. २०२२ च्या ज्या विश्वस्पर्धेत लिंडा फातोर्ड्याला आली, त्याच स्पर्धेत यजमान भारताच्या मुली भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को व ब्राझील या तिन्ही संघांकडून हरल्या. सोळा गोल स्वीकारले आणि एकही केला नाही. तथापि मणिपूरच्या बाला देवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स संघात व्यावसायिक म्हणून गेल्या. पंजाबच्या मनीषा कल्याण २०२२ साली सायप्रसमधील संघाकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळल्या. आणि ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या स्त्रियांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून २०२६ च्या आशियाई चषकात आपल्या बळावर प्रवेश मिळविला. वाट आहे, ती अरुंद आहे, इतकेच.

ही वाट रुंद कशी व्हावी, हे वियागोर्गोनाच्या गल्लीकडे पाहिले तर उमजते. तेथे कोणी राजवाडा बांधला नव्हता. एका मुलीला मुलांनी आपल्यात खेळू दिले. कोणी मोठ्या माणसाने तिला नगरातील सरावाला नेले. आजारात तिला वेळेवर वैद्य मिळाला. आणि चौदाव्या वर्षी जिच्यात खेळावे अशी एक लीग, अपुरी का होईना, उभी होती. या चारांतील एक जरी गोष्ट हुकली असती, तरी आज तिचे नाव गावाबाहेर कोणाला कळले नसते. अशी किती नावे कळली नसतील, कोण जाणे!

आपल्या चर्चपाशी, शाळेपाशी जे मैदान आहे, त्यावर सायंकाळी मुलगे खेळतात आणि मुली कठड्यावर बसून पाहतात, हे दृश्य गोव्यात काय आणि बेळगावात काय, आपण रोज पाहतो. आठवड्यातील दोन सायंकाळी ते मैदान मुलींसाठी राखून ठेवावे, त्यांच्यासाठी एक चेंडू व शिकविणारे एक जाणते माणूस नेमावे, एवढे करावयास मोठा निधी लागत नाही. वाचकांपैकी जे पालक, शिक्षक वा गावच्या क्रीडामंडळाचे सभासद असतील, त्यांनी येत्या बैठकीत हा विषय अवश्य काढावा.